आयफोन ११ इतक्या वर्षांनी: बदलायचा की अजून वापरायचा?

आयफोन ११ चे रिव्ह्यू २०१९ च्या सप्टेंबरमध्येच येऊन गेले, फोन हातात आल्या आल्या आठवडाभर वापरून लिहिलेले. नवा फोन कसा वाटतो ते त्यातून कळतं, पण आपण फोन वर्षानुवर्षं वापरतो आणि खरा प्रश्न पडतो तो चौथ्या-पाचव्या वर्षी, की आता बदलू का अजून थांबू. माझा रोजचा फोन अजून हाच आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या नंतरच्या प्रश्नासाठी. तुमचा फोन दुसरा असला, अँड्रॉइड असला तरी यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

आधी फोनबद्दल. ए१३ चिप अजून दमलेली नाही. मेसेज, व्हिडिओ कॉल, मॅप, बँकेची कामं, फोटो काढणं, सगळं नीट होतं. रॅम ४ जीबी आहे, त्यामुळे ढीगभर अ‍ॅप्स उघडून मग पहिल्या अ‍ॅपवर परत गेलं की ते पुन्हा लोड होतं, एवढं आहे. स्क्रीन एलसीडी, ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी. शेजारी १२० हर्ट्झची ओएलईडी स्क्रीन ठेवली तर फरक लगेच दिसतो, काळा रंग राखाडी वाटतो, स्क्रोल करताना गुळगुळीतपणा कमी वाटतो, पण एकटा फोन हातात असताना दिवसभरात त्याची आठवणही येत नाही. कॅमेऱ्याचं म्हणाल तर आयफोनमध्ये नाइट मोड पहिल्यांदा याच ११ च्या सिरीजमध्ये आला आणि तो अजून छान काम करतो, फक्त मेन कॅमेऱ्यावर, रुंद दृश्य टिपणाऱ्या अल्ट्रावाइडवर नाही. लांबचं जवळ आणायला वेगळी टेलीफोटो लेन्स नाही. फुलाच्या परागकणांचे फोटो काढायचे असतील तर मॅक्रो नाही. मला लागत नाही.

आता मुद्दा. "किती वर्षांनी फोन बदलावा" याचं एका आकड्यात उत्तर शोधतो तिथेच गडबड होते, कारण फोनला एक वय नसतंच. बॅटरीचं वय वेगळं, सॉफ्टवेअर अपडेटचं वेगळं, नेटवर्कचं वेगळं, चिपचं वेगळं. यातलं सगळ्यात आधी संपतं ते बॅटरीचं, आणि नेमकं तेच आपल्याला परत भरून आणता येतं. तरी लोक त्याच्यावरूनच अख्ख्या फोनचा निकाल लावतात.

बॅटरीचं गणित जरा नीट बघा, कारण दर दोन वर्षांनी फोन बदलायची जी सवय सगळीकडे दिसते तिचं एक मोठं कारण मला तरी यात दिसतं. अ‍ॅपल स्वतः सांगते की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवलेली असते. सायकल म्हणजे चार्जरला एकदा लावणं नव्हे. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल, मग आज ६० टक्के वापरली आणि उद्या ४० तरी ती एकच. आता रोज साधारण ७० टक्के बॅटरी वापरणारा माणूस धरा, ५०० सायकल व्हायला त्याला जवळपास दोन वर्षं लागतात. म्हणजे दोन वर्षांनी "फोन म्हातारा झाला" असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते फक्त बॅटरी. चपलेचा अंगठा तुटला म्हणून आपण नवी चप्पल आणत नाही, अंगठा लावून घेतो, मग फोनच्या बाबतीत इतकी घाई का? आयफोन १५ पासून कंपनी हाच आकडा १००० सायकलचा सांगते, म्हणजे तिथे तर हे वय दुप्पट झालं.

आणि ही फक्त चार्ज किती वेळ टिकतो एवढीच गोष्ट नाहीये, वेगाचाही संबंध आहे. लिथियम आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रोसेसरने एकदम जोरात करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं, मग फोन २०-३० टक्के चार्ज दाखवत असतानाच पटकन बंद पडू शकतो. ते टाळायला सॉफ्टवेअर प्रोसेसरलाच थोडं आवरून धरतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलने हे मान्य केलं, की जुनी बॅटरी असलेले काही आयफोन अशा पद्धतीने हळू केले जातात, त्यावर प्रचंड गदारोळ झाला, आणि मग २०१८ मध्ये आयओएस (आयफोनचं सॉफ्टवेअर) ११.३ मधून सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा, म्हणजे मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली ते, दिसायला लागला. त्या गदारोळातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला हीच वाटते. हळू झालेला फोन नवीन बॅटरी टाकली की पुन्हा पहिल्यासारखा पळू शकतो हे त्यामुळे लोकांना कळलं. तरी अजून कितीतरी जण फोन स्लो झाला की थेट नव्या मॉडेलचे व्हिडिओ बघायला बसतात, बॅटरी हेल्थ उघडूनही बघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी माझ्या ११ ची बॅटरी बदलून घेतलीय, हेल्थ ८० च्या खाली गेल्यावर. दुपारनंतर चार्जर शोधत फिरणं थांबलं. काम सोपं आहे पण एक लक्षात ठेवा, एक्सआर, एक्सएस आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये बॅटरी अस्सल आहे का ते फोन तपासतो, आणि ओळख पटली नाही तर सेटिंग्जमध्ये तसा मेसेज दाखवतो. त्यामुळे बॅटरी कुठली टाकणार हे आधी विचारा, बदलून झाल्यावर तिथेच सेटिंग्ज उघडून बघा, घरी आल्यावर नको. अजून एक म्हणजे उघडलेला फोन पाण्यापासून पहिल्याइतका सुरक्षित राहील असं धरून चालू नका, तसंही सील काळानुसार सैल होतंच, आयपी६८ (पाणी-धूळ आत न जाऊ देण्याचं रेटिंग) लिहिलंय म्हणून जुना फोन पाण्यात बुडवू नये.

नवी बॅटरी टिकवायची असेल तर उष्णता हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. ३५ अंशांच्या वर तापमान असेल तिथे बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते असं अ‍ॅपल सांगते. गाडीत डॅशबोर्डवर उन्हात मॅप लावून वर चार्जिंगही चालू, हे बॅटरीसाठी अगदी वाईट. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. ११ मध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय नाही, ती आयफोन १५ पासून आली, पण आयओएस १३ पासून ऑप्टिमाइज्ड चार्जिंग आहे, म्हणजे तुमची सवय बघून ८० टक्क्यांनंतरचं चार्जिंग फोन लांबवतो, ते चालू ठेवा.

आता सॉफ्टवेअरचं वय. हे मात्र आपल्या हातात नाही, आणि माझ्या मते फोन कधी बदलायचा हे ठरवायला खरा आधार हाच. बॅटरी बदलता येते, काच बदलता येते, अपडेट कंपनीने बंद केले की सामान्य माणूस काही करू शकत नाही. सिक्युरिटी अपडेट म्हणजे नवीन इमोजी यायला लागतात ते असं समजून लोक पुढे ढकलत राहतात, पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं ते आठवा. वेबपी नावाचा जो चित्रांचा फॉरमॅट आहे तो उघडणाऱ्या कोडमध्ये अशी चूक सापडली की मुद्दाम बिघडवून बनवलेलं एक चित्र फोनने किंवा ब्राउझरने नुसतं उघडलं तरी हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळू शकत होती. क्रोम, फायरफॉक्स, सगळ्यांना घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली. ज्या फोनला अपडेट मिळणंच बंद झालंय त्याच्यापर्यंत अशी दुरुस्ती पूर्ण पोचत नाही, आणि त्याच फोनवर आपण बँकेचं अ‍ॅप वापरतो.

या बाबतीत ११ चं वय अजून संपलेलं नाही पण काठावर आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस २६ आलं तेव्हा एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स यादीतून गेले आणि ११ ची सिरीज सगळ्यात जुनी उरली. मोठं व्हर्जन बंद झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन कचऱ्यात असंही नसतं, २०१३ च्या आयफोन ५एस ला २०२३ च्या जानेवारीत सुद्धा सिक्युरिटी अपडेट आला होता. पण मग अ‍ॅप्स साथ सोडतात. व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२५ पासून आयओएस १५.१ च्या खालचे फोन बंद केले आणि ५एस तिथे थांबला.

अँड्रॉइडवाल्यांसाठी इथे खरा बदल झालाय. आधी दोन-तीन वर्षं अपडेट मिळाले तरी खूप वाटायचं. २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला गूगलने ७ वर्षांचे अपडेट जाहीर केले, २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगने एस२४ ला तेच दिलं. सहज दुरुस्त होणारे फोन बनवणाऱ्या फेअरफोन कंपनीच्या फेअरफोन ५ ला तर किमान ८ वर्षं सांगितलीयत. पण हे सगळ्या फोनना नाही हां, त्याच कंपनीच्या स्वस्त मॉडेलला कितीतरी कमी वर्षं मिळू शकतात, आणि ही वर्षं सहसा फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळालं तर त्यातली दोन वर्षं आधीच संपलेली असतात. युरोपीय संघाने मात्र चांगली गोष्ट केली, २० जून २०२५ पासून तिथे नवा नियम लागू झालाय आणि त्यात अपडेटची ५ वर्षं मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजायची, बॅटरी ८०० सायकलनंतर ८० टक्के राहिली पाहिजे, आणि महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही ७ वर्षं मिळाले पाहिजेत. असे नियम सगळीकडे हवेत असं मला ठामपणे वाटतं.

नेटवर्कचं वय जास्त असतं. ११ मध्ये ५जी नाही, ते २०२० च्या आयफोन १२ पासून आलं, आणि ४जी वर माझं काही अडत नाही. तरी हे वयही संपतं हे खरं, अमेरिकेत २०२२ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं तेव्हा ज्या जुन्या फोनमध्ये ४जी वरून कॉल करायची सोय नव्हती ते धडधाकट असून कॉलसाठी निकामी झाले.

दरवर्षी फोन बदलणारे सांगतात की लवकर विकला तर किंमत चांगली येते. येते, पण पहिल्या वर्षीच किंमत सगळ्यात जोरात पडते आणि तोच तोटा ते दरवर्षी नव्याने सोसतात. ज्याचं पोट कॅमेऱ्यावर आहे, व्हिडिओ हेच काम आहे, त्याने जरूर बदलावा, तिथे फोन म्हणजे अवजार आहे. कुणाची नजर कमी झालीय आणि मोठ्या, जास्त उजळ स्क्रीनने रोजचं वाचणं सोपं होत असेल तर मीच म्हणेन आजच बदला. एआयसाठी बदलायचा म्हणाल तर, अ‍ॅपल इंटेलिजन्सला किमान आयफोन १५ प्रो लागतो, त्यामुळे ११ वाल्यांना ते मिळणार नाही, पण त्यातलं नेमकं काय आपण रोज वापरणार याचं उत्तर आधी स्वतःला द्या. मला अजून तसं काही सापडलेलं नाही.

अजून एक गोष्ट माझ्यासाठी महत्त्वाची आहे. आयफोनच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा साधारण ८० टक्के भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, आपण चार्जिंगला वापरतो ती वीज त्यात थोडीशीच. म्हणजे फोन एक-दोन वर्षं जास्त वापरणं हाच सगळ्यात मोठा फरक. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. ड्रॉवरमध्ये पडलेले जुने फोन कुणाच्याच कामाचे नाहीत, बदललात तर जुना कुणाला तरी वापरायला द्या, अपडेट चालू आहेत तोवरच द्या.

तर माझं मत असं, की आज ज्यांच्याकडे ११ आहे आणि चालतोय त्यांनी बॅटरी हेल्थ बघावी, ८० च्या खाली असेल तर बदलून घ्यावी, स्टोरेज भरलेलं असेल तर थोडं रिकामं करावं कारण गच्च भरलेला फोनही हळू होतो, आणि निवांत वापरावा. नव्याने सेकंडहँड ११ घ्यायचा विचार करत असाल तर मात्र घेऊ नका, अपडेटचं जे थोडं वय उरलंय ते पहिल्या मालकाने वापरून संपवणं ठीक, तुम्ही पैसे मोजून तेवढंच उरलेलं घेण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा १३ किंवा त्यापुढचा बघा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये अबाउट फोनखाली सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, ती कित्येक महिने जुनी असेल आणि नवीन काही येत नसेल तर बदलायची वेळ आली समजा.

माझा ११ मी सिक्युरिटी अपडेट थांबेपर्यंत वापरणार. पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी दोन गोष्टी विचारीन, अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार आणि बॅटरी बदलायला किती सोपी. युरोपीय संघाचा अजून एक नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतोय, ज्यात बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बनवावी लागेल, दणकट आणि जास्त सायकल टिकणाऱ्या बॅटऱ्यांना त्यातून काही सूट आहे. कंपन्या त्या सवलतीचा किती फायदा घेतात आणि खरंच सहज उघडणारे फोन किती येतात ते बघूनच मी मॉडेल ठरवणार आहे.