खानापुरातलं इस्टिमेटचं ऑफिस: चार स्टार, पाचवा फोनपायी गेला

बेळगावकडच्या खानापुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर माडीला, बांधकामाचं इस्टिमेट म्हणजे खर्चाचा अंदाज काढून देणारं हे ऑफिस आहे. पाटी कन्नडमध्ये, आत मराठी चालतं. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारही आहे. घराचे प्लॅन काय, कुणीही काढून देतं. मी लिहितेय ते शाळेच्या कामाबद्दल.

जांबोटीच्या पुढच्या एका गावात सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या शाळा समितीवर, मी आहे. शाळेच्या दोन खोल्या खासदार निधीतून झाल्या. टेंडर बिलो, म्हणजे अंदाजापेक्षा कमी रकमेला गेलं म्हणून सव्वातीन लाख उरले. मुलींना धड संडास नाही आणि पैसे पडून! काम बघणाऱ्यांनी सांगून टाकलं, "मार्चअखेर परत जाणार, विसरा आता." हेडमास्तरांनी पण मान डोलावली. कुणी विचारलं नाही की परत म्हणजे नेमकं कुठं.

ऑफिसातल्या साहेबांनी ते विचारलं. टेप नाही, कागद नाही, आधी हाच सवाल, "वहिनी, पैसा कुठल्या खात्याचा?" माझी फी इथंच वसूल झाली. ते म्हणाले, खासदार निधी, म्हणजे वर्षाचे ते पाच कोटी, 31 मार्चला बुडत नाहीत, पुढच्या वर्षात येतात. एका कामातून उरलेले पैसे खासदारांच्याच वाट्याला परत जमा होतात. त्यांनी नव्या कामाचं शिफारसपत्र दिलं की दुसरं काम धरता येतं. पण आपोआप कोण धरणार? मागायला पाहिजे, आणि मागताना हातात इस्टिमेट पाहिजे.

शेजारच्या गावाची खोली नाबार्डच्या आरआयडीएफमधून, म्हणजे खेड्यातल्या पायाभूत कामांच्या फंडातून झालीय, त्यांचं असंच करता येईल का विचारलं. तर नाही. ते राज्य सरकारनं काढलेलं कर्ज, 1995-96 पासून चालू असलेला फंड, आणि मंजुरी कामागणिक. त्यातलं उरलेलं गावात बैठक घेऊन वळवता येत नाही. संडासाच्या पाण्याच्या लाइनीला मात्र त्यांनी पंचायतीचा रस्ता दाखवला. 15 व्या वित्त आयोगाच्या पैशातले (2021-22 ते 2025-26) 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते. हे आमच्या मेंबरलोकांना ठाऊक नव्हतं, की होतं आणि बोलले नाहीत, देव जाणे.

आता तक्रार. पहिलं इस्टिमेट आलं ते वाचून मी हसावं की रडावं. पायाच्या कलमात काळी माती! अथणी-गोकाककडच्या कुठल्यातरी शाळेचा कागद कॉपी करून गावाचं नाव बदललेलं. आमच्याकडं लाल मुरूम, घरं चिऱ्याची, आणि यांनी भिंत विटांची धरलेली. वर सपाट स्लॅब. जांबोटीकडचा पाऊस ज्यानं एकदा बघितलाय तो सपाट स्लॅब लिहिणार नाही. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "साहेब, एकदा गावात येऊन बघा की."

आले. जादा पैसे न घेता, टेप धरायला एक पोरगा घेऊन. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला दाखवला होता, तो खालच्या अंगाला नेला. पावसाळ्यात खड्डा भरून पाणी उलटं येतं म्हणून जोतं उचलून घेतलं. दार खाली वीतभर उघडं असलं की मुली आत जात नाहीत, हे मी बोलले तर नुसतं ऐकून न घेता ड्रॉइंगवर लिहिलं. खिडकी उंचावर, आत कपडे अडकवायला खुंटी, हात धुवायचा नळ सहा वर्षांच्या पोरीला पोचेल असा. दुसऱ्या इस्टिमेटात चिरा आला, उतरतं छप्पर आलं, पीडब्ल्यूडीच्या एसआर दरानं, म्हणजे सरकारी दरपत्रकानं हिशोब, खाली 18 टक्के जीएसटी आणि 1 टक्का लेबर सेस वेगळा दाखवलेला. सोबत कन्नडमध्ये अर्ज आणि आमच्या ठरावाची कन्नड प्रत.

फी पंधराशे आणि पेट्रोल. पावती मागितली तर देतात, आपणहून देत नाहीत.

फोन उचलणं हा प्रकार नाही. आमच्या घरच्यांनी उद्यमबागला फौंड्रीतून जेवणाच्या सुट्टीत लावून बघितला, मी सकाळी लावून बघितला, शेवटी माडी चढूनच काम झालं. बसायला दोनच खुर्च्या, त्यातल्या एकीवर कायम फायली. मार्चमध्ये तर जाऊच नका, सगळ्या तालुक्याचे कंत्राटदार जिन्यात उभे असतात.

आणखी एक, हा कागद म्हणजे मंजुरी नव्हे. सरकारी इंजिनिअर स्वतः मोजणार, त्यांचीच सही चालणार, आकडाही थोडा इकडंतिकडं होणार. पण कोऱ्या हातानं गेलं की "बघू" म्हणतात आणि इस्टिमेट पुढं ठेवलं की कलमावर बोट ठेवून बोलतात. आम्हाला शिफारसपत्र मिळालंय, फाईल आता तांत्रिक मंजुरीला आहे.

जाणाऱ्यांनी आधीच्या कामाचा मंजुरी आदेश आणि शेवटच्या बिलाची झेरॉक्स घेऊन जा, त्याशिवाय शिल्लक किती ते ते सांगत नाहीत. जागेचे फोटो जीपीएसवाले काढा. आणि पहिलं इस्टिमेट हातात पडलं की सही करायच्या आधी पायाचं कलम वाचा.