कॅमेलियनचं स्टार्टर किट घ्यावं का? परभणीच्या उन्हात वापरून सांगतो

रेटिंग आधीच सांगतो, ५ पैकी ३, अन् त्यातले दोन नुसत्या पिंजऱ्याचे. ऑनलाइन मिळणारं हे जे कॅमेलियनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं किट आहे त्यात ॲल्युमिनियमच्या जाळीचा पिंजरा, गुंडाळीचा यूव्हीबी बल्ब (उन्हातले अतिनील किरण देणारा), १०० वॅटचा हीट बल्ब, प्लास्टिकची वेल, ड्रिपरची बाटली, पाण्याची वाटी अन् काट्याचं थर्मामीटर असं सगळं एका खोक्यात येतं, डिलिव्हरी धरून ९ हजारांच्या आसपास जातं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असे किट बऱ्याच नावांनी येतात अन् आतला माल थोड्याफार फरकानं तोच असतो. बरेच जण विचारायलेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पण आधी कायद्याचं बोलू. आपल्याकडं पावसाळ्यात लिंबावर, बाभळीवर जो घोयरा दिसतो तो हा नाही बरं का. तो आपला भारतीय कॅमेलियन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, त्याला पकडून घरी ठेवणं सरळ गुन्हा आहे. लोक विषारी समजून त्याला दगडं मारतात ते बघून जीव तुटतो, अहो त्याला विषबिष काही नसतं, किडे खाऊन जगणारा गरीब जीव आहे तो. माझ्याकडचा आहे व्हेल्ड कॅमेलियन, ही जात मूळची येमेन अन् सौदीच्या नैऋत्य भागातली, डोक्यावर उंच टोप असतो म्हणून पोरांनी नाव ठेवलंय टोप्या. ही जात साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळं २०२४ च्या नियमांप्रमाणं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा कागदपत्रं देत नसेल, 'काही लागत नाही भाऊ' म्हणत असेल तर तिथूनच माघारी फिरा.

आता पिंजरा. जाळी एकदम चांगली, हवा चारही बाजूंनी खेळती राहते अन् कॅमेलियनला तेच पाहिजे, काचेच्या बंद टाकीत कोंदट हवेनं त्यांना छातीचं इन्फेक्शन होतं. पुढचं दार पूर्ण उघडतं, खालचा ट्रे सरकवून साफ करता येतो, कडी पण घट्ट बसते. तक्रार एकच, साइज. १६ बाय १६ बाय ३० इंचाचा पिंजरा पिल्लासाठी ठीक आहे, पण मोठा झालेला नर शेपटीसकट दीड-दोन फुटांचा होतो अन् त्याला कमीत कमी २ बाय २ बाय ४ फूट जागा लागते. हे खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही, लिहायला पाहिजे होतं. आणि पिंजरा जमिनीवर ठेवू नका, उंच टेबलावर ठेवा, वरून कुणी वाकून बघितलं की त्याला शिकारी पक्षी आल्यागत वाटतं अन् तो काळा पडतो, खाणं सोडतो.

खरी अडचण हीट बल्बची आहे. हा किट थंड देशातल्या घरांचा हिशोब धरून बनवलाय हे सरळ दिसतं. या जातीच्या नराला ऊन खायच्या फांदीवर २९-३० डिग्री पुरते, मादीला त्याहून थोडं कमीच, अन् आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतं, स्लॅबच्या खोलीत दुपारी नुसतंच ३८ होतं, तिथं १०० वॅटचा बल्ब लावायचा म्हणजे त्या जीवाला भाजून काढायचं. माहितीपत्रकात मात्र 'दिवसभर चालू ठेवा' असं छापलंय, मराठवाड्यात कुणी ते तंतोतंत पाळलं तर जनावर जायचं हो! उन्हाळ्यात दुपारी त्याच्याकडं नीट बघत जा. अंग फिकट पोपटी, जवळजवळ पांढरट पडतं, तोंड थोडं उघडं राहतं, वरची फांदी सोडून तो खालच्या पानांत येऊन बसतो. हे दिसलं की लगेच खोली थंड करा. बल्ब लागतोच तर फक्त डिसेंबर-जानेवारीत, इथं पहाटे पारा १० च्या खाली जातो तेव्हा, अन् तेव्हा सुद्धा सकाळचे दोन तास ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब पुरतो.

उन्हाळ्यात आमच्याकडं किटपेक्षा जास्त काम कूलर करतो. पिंजऱ्यावर थेट झोत सोडायचा नाही, खोलीत आडवा लावायचा, एक खिडकी उघडी ठेवायची. कोरड्या हवेत कूलर खोली थंडही करतो अन् ओल पण देतो, म्हणजे दोन्ही कामं. लाइट गेली की पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओलं गोणपाट टाकतो, बाकी दोन बाजू मोकळ्या. पावसाळा लागला की कूलर बंद, तेव्हा हवेतच ओल असते.

यूव्हीबी बल्बवर मी नाराज आहे. यूव्हीबी नसेल तर अंगात व्हिटॅमिन डी-३ तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडून पाय वाकडे होतात, आणि एकदा वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. किटमधला गुंडाळीचा बल्ब अगदी जवळ तेवढा किरण देतो, वीतभर खाली गेलं की फारसं काही उरत नाही, वरून जाळी पण बरेच किरण अडवते. पुण्याच्या एका ओळखीच्यानं मीटर आणून दाखवला, ऊन खायच्या फांदीवर यूव्ही इंडेक्स ३ च्या आसपास पाहिजे, तिथं १ सुद्धा येईना. मग लांब टी-५ ची ६ टक्के यूव्हीबीवाली ट्यूब मागवली, पिंजऱ्याच्या पूर्ण रुंदीभर बसते, रोज १२ तास, अन् वर्षभरात बदलायची, उजेड दिसत असला तरी यूव्हीबी तोवर उतरलेला असतो. सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर त्याहून भारी काहीच नाही, ते तर आपल्याकडं भरपूर. पिंजरा गच्चीवर न्यायचा, अर्धी सावली ठेवायची, अन् आपण तिथंच बसायचं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते.

ड्रिपर मात्र मस्त. याला मनापासून फुल मार्क. कॅमेलियन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही, त्यामुळं किटमधली वाटी काढून टाका, त्यात किडे बुडतात अन् घाण होते. ड्रिपर पिंजऱ्याच्या वर ठेवायचा, सेकंद-दोन सेकंदाला एक थेंब मनी प्लांटच्या पानावर पडेल असा खटका लावायचा. टोप्या आधी एक डोळा थेंबावर लावतो, दुसरा डोळा माझ्यावरच, मग हळूच मान पुढं काढतो, पानाच्या टोकाला थेंब लोंबकळला की जीभ टेकवतो अन् गळा वरखाली हलायला लागतो. बघत राहावं असं असतं ते. पाणी जारचं किंवा फिल्टरचं वापरा, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार लय, आठवड्यात पानं पांढरी अन् ड्रिपरची नळी बंद. टाकीतलं पाणी तर उन्हाळ्यात कढत येतं. फवारायला कृषी सेवा केंद्रातला २ लिटरचा प्रेशर पंप घ्या, पण नवाच, औषध मारलेला जुना पंप धुऊन सुद्धा चालणार नाही. सकाळी लाइट लागायच्या आधी अन् रात्री लाइट बंद केल्यावर फवारा, दिवसा पिंजरा वाळू द्या. शीटचा पांढरा भाग केशरी दिसायला लागला, डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय.

प्लास्टिकची वेल लावूच नका, हा प्राणी पानं चावतो, प्लास्टिक पोटात गेलं तर अडकतं. जास्वंदाची कुंडी ठेवा, पानं-फुलं दोन्ही आवडीनं खातो. नर्सरीतून आणल्यावर पानं नीट धुवा, माती बदला. कण्हेर विषारी, ती लांबच ठेवा. काट्याचं थर्मामीटर चुकीचं दाखवतं, प्रोबवालं डिजिटल घ्या.

खाण्याचं किटमध्ये काहीच नाही, पण त्यात आपण नशीबवान आहोत. मोठ्या शहरातले लोक रेशीम अळ्या महागात कुरियरनं मागवतात, आणि आपल्याकडं जालना, बीड, परभणीत तुतीचे मळे अन् रेशीम शेड आहेत, जालन्यात तर कोषांची बाजारपेठच आहे. रेशीम अळी मऊ, पाणीदार, पचायला हलकी. शेडवाल्या दादांना आधी विचारा की चुना किंवा 'विजेता' नावाची जंतुनाशक पावडर कधी टाकलीय, पावडर मारलेल्या अळ्या घेऊ नका, फुगलेल्या पिवळट तर नकोच. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतल्या थोड्या आणायच्या अन् घरी तुतीचा पाला टाकून वाढवायच्या, फार मोठी झालेली अळी टोप्या घेत नाही. बाकी क्रिकेट म्हणजे रातकिडे, त्यांना शेवग्याचा पाला अन् गाजर खाऊ घालून मगच द्यायचे, वर कॅल्शियमची हलकी पावडर. मोठ्याला एक दिवसाआड चार-पाच किडे बस्स. कापूस-सोयाबीनच्या रानातले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून आणू नका, फवारणीचं विष त्यांच्यातून जातं. काजवे तर अजिबात नाही.

एक गोष्ट मादी घेणाऱ्यांसाठी, नर नसला तरी ती अंडी घालते, तिला ओल्या वाळूची खोल बादली द्यावीच लागते, नाहीतर अंडी आत अडकून जीव जातो. किटमध्ये याचा शब्द नाही. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर प्राणी घ्यायच्या आधीच शोधून ठेवा, आमच्याकडून तरी त्यासाठी पुणं गाठावं लागतं.

विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे, किटमधून हीट बल्ब, वाटी अन् वेल काढा, त्या जागी टी-५ ट्यूब अन् डिजिटल थर्मामीटर द्या, हजार-दीड हजार जास्त घ्या, आम्ही खुशीनं देऊ. तोवर ज्यांना घ्यायचंय त्यांनी अख्खा किट न घेता मोठ्या मापाचा जाळीचा पिंजरा अन् ड्रिपर वेगळे मागवा, दोन्ही सुटे मिळतात.