दोन फुटी रीफ टँकला लाईट कुठला: टी-फाइव्ह, ब्लॅक बॉक्स की छोटा एलईडी?

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा टँक. तो दोन फुटी, 90-100 लिटर पाणी, घर पुण्यात, असं धरून लिहितोय. मेटल हॅलाइड, म्हणजे तो प्रखर, तापणारा बल्ब, डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. त्याखाली पाण्यात जी लहरती चमक दिसते ती एक नंबर, वादच नाही, पण 150 वॅटचा बल्ब एवढ्याशा पाण्यावर टांगायचा आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर 39-40 असताना पाणी 25-26 वर ठेवायचं म्हणजे पाणी थंड करणारा चिलर आलाच, आणि मग तो चिलर जी गरम हवा फेकतो त्यासाठी खोलीत अजून एक पंखा.

राहिले तीन. पण आधी ठेवणार काय ते ठरवा, कारण बहुतेक जण लाईट आधी घेतात आणि मग त्याखाली काय जगेल ते शोधत बसतात. कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं, म्हणजे लाईट हे त्याचं जेवणच झालं. हे वॅटवर नाही, पारवर (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजतात. मशरूम कोरलला 50 च्या आसपास पुरतं, झोआ आणि लेदर या मऊ कोरलना 80 ते 150, अॅक्रोपोरासारख्या एसपीएसला, म्हणजे बारीक पॉलिपच्या कडक कोरलला, 250-300 तरी लागतं. आता यात आपल्याकडची गोष्ट अशी की कडक सांगाड्याचे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा विकणं काय आणि घेणं काय, दोन्हीत अडकाल. दुकानदार "इम्पोर्टेड आहे साहेब" म्हणाला तर कागद दाखव म्हणा, नसतील तर पुढे चला. म्हणजे पहिल्या टँकला सॉफ्ट कोरलच (मशरूम, झोआ, लेदरसारखे मऊ), आणि तसं असेल तर एसपीएसवाला महागडा लाईट घ्यायचं कारणच उरत नाही.

टी-फाइव्ह, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूब. 24 वॅटची ट्यूब दोन फुटाला बरोबर बसते, चार लावल्या की 96 वॅट. उजेड सगळीकडे सारखा पडतो, दगडाच्या कडेखालीसुद्धा, या बाबतीत एलईडी अजूनही मागे आहे असं माझं मत. त्रास ट्यूबचा. 9-12 महिन्यांत तिचा उजेड उतरतो, डोळ्याला तशीच दिसते पण कोरलला कळतं, आणि तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत पांढरी ट्यूब मिळेलही पण रीफची निळी ट्यूब मागितलीत तर तोंडाकडे बघत राहतील. मागवायची म्हणजे कुरियरमध्ये फुटायची धाकधूक. जुना सेट कुणी फुकट देत असेल तर घ्या, नवीन घेऊ नका.

ब्लॅक बॉक्स म्हणजे ते चायनीज एलईडीचे काळे खोके, दोन नॉब, एक निळ्याचा एक पांढऱ्याचा. अंगावर 165 वॅट लिहिलेलं असतं, खेचतो त्यापेक्षा बराच कमी. पण भिंगांमुळे मधोमध उजेड इतका जोरात पडतो की उथळ टँकमध्ये मशरूम भाजून निघतील. उंच टांगायची सोय असेल आणि पांढरा नॉब अगदी खाली ठेवायचा संयम असेल तर पैसे वसूल. पंखा मात्र आवाज करतो, हॉलमध्ये टीव्हीशेजारी टँक असेल तर घरचे बोलणार. आणि पुण्यातली बांधकामांची धूळ अधिक पाण्यावरून उडणारं मीठ, दोन्ही त्या पंख्यात जाऊन बसतं, महिन्याला ब्रश फिरवा.

छोटा एलईडी, म्हणजे एआय प्राइम किंवा केसिलच्या ए सिरीजसारखा, एका दांडीवर बसणारा. माझं मत याला. प्राइमसारखा 55-60 वॅटचा दिवा रोज 9 तास फुल चालवला तरी महिन्याला 16 युनिटच्या आसपास, चार ट्यूबना 26 लागतात, आणि सॉफ्ट कोरलला तुम्ही फुलवर चालवणारच नाही. दोन फुटाला एक पुरतो, कोपरे जरा अंधारे राहतात, तिथे मशरूम लावा, त्यांना तेच आवडतं. किंमत टोचते, मान्य.

कुठलाही एलईडी घ्या, सुरुवात 25-30 टक्क्यांवर करा आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवा. झोआ देठ लांबवून वर मान काढायला लागले तर उजेड कमी पडतोय, मशरूम आक्रसून कडा वळल्या किंवा रंग पांढुरका झाला तर जास्त होतोय. मोबाईलच्या लक्स अॅपवर जाऊ नका, निळ्या उजेडात ते कमीच दाखवतं आणि तुम्ही अजून वाढवत बसाल. ओळखीत कुणाकडे पार मीटर असेल तर एक दिवस मागून आणा.

राहिला टायमर. टी-फाइव्ह किंवा साधा ब्लॅक बॉक्स घेतलात तर तो वेगळा लागतो, आणि तो फिरत्या चकतीचा घेऊ नका, गुरुवारी लाईट गेली की चकती थांबते आणि मग टँकची सकाळ दुपारी उजाडते. बॅटरीवाला डिजिटल घ्या. इन्व्हर्टरवर मात्र लाईट नाही, पाणी हलवणारा वेव्हमेकर जोडा, दोन-चार तास अंधाराने कोरलला काही होत नाही, पाणी हललं नाही तर होतं.