शमशाबाद विमानतळ गाठायचं: पीव्हीएनआरच्या पुलावरून की रिंगरोडनं?

उमरगा, लातूर, देगलूर भागातले आमचे नातेवाईक हल्ली परदेशी जायचं झालं तर हैदराबादहूनच विमान पकडतात. आदल्या रात्री मुक्काम आमच्याकडे, हैदराबादेतल्या टोलीचौकीला. जेवायला बसलं की शमशाबादच्या विमानतळाचा प्रश्न येतोच, "उद्या पुलावरून नेणार की रिंगरोडनं?" पूल म्हणजे शहरातून जाणारा पी. व्ही. नरसिंह राव (पीव्हीएनआर) उड्डाणपूल, आणि रिंगरोड म्हणजे शहराला बाहेरून वळसा घालणारा आऊटर रिंगरोड. टोलीचौकीहून दोन्ही रस्ते हाताशी आहेत, आणि गेल्या काही वर्षांत मी दोन्हींवरून इतक्या वेळा गेलोय की माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालंय.

गावाहून गाडीनं थेट विमानतळावर जाणाऱ्यांनी मात्र हा विचार करूच नये. सोलापूर-उमरग्याकडून या की नांदेड-देगलूरकडून, दोन्ही रस्ते संगारेड्डीजवळ एक होतात. तिथून पुढे पाटणचेरूच्या अलीकडे मुत्तंगीला रिंगरोडवर चढायचं आणि शमशाबादला उतरायचं. शहरात शिरायचंच नाही. खरा प्रश्न शहरात उतरलेल्यांचा आहे.

पुलाबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण मला तो मनापासून आवडतो. मार्च २००८ मध्ये बेगमपेटहून विमानं शमशाबादला गेली आणि शहराच्या पोटातलं विमानतळ एकदम लांब पडलं. ऑक्टोबर २००९ मध्ये मेहदीपटनम ते आरामघर हा साडेअकरा किलोमीटरचा पूल सुरू झाला आणि अत्तापूरच्या गर्दीतून वाट काढण्याचा त्रास एका फटक्यात संपला. नाव पी. व्ही. नरसिंह रावांचं. नागपुरात कायदा शिकलेला, उत्तम मराठी येणारा हा माणूस, त्यामुळे पाटी दिसली की मला उगाच आपुलकी वाटते. पूल इथल्या जगण्यात इतका मुरलाय की खालच्या वस्तीत पत्तेसुद्धा खांबांच्या नंबरवर चालतात. "पिलर नंबर अमुकजवळ या" म्हटलं की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही. टोल नाही, सिग्नल नाही. पहाटे चारला रिकाम्या पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना झोपलेलं शहर दिसतं, ते मला आजही बघावंसं वाटतं.

आता ज्या गोष्टीनं माझा निर्णय झाला ती. मामा-मामींना सोडायला निघालो होतो, संध्याकाळची वेळ. घरून अर्धा तास हाताशी ठेवून निघालो होतो. उप्परपल्लीच्या आसपास पुढे एक गाडी बंद पडली. पुलावर एका दिशेला दोनच लेन, बाजूला गाडी घ्यायला जागा नाही. बंद गाडीच्या लेनमधले सगळे दुसऱ्या लेनमध्ये घुसू लागले आणि दोन्ही लेन जागच्या जागी थांबल्या. मागे फिरता येत नाही. मध्ये चढा-उतरायला रॅम्प आहेत, पण मोजके, आणि आमचा मागे राहिला होता. कठड्यापलीकडे खालचा रस्ता स्पष्ट दिसत होता. किराणा दुकानाचे दिवे, फळांची गाडी, त्या रस्त्यावरून आरामात पुढे जाणाऱ्या रिक्षा. आम्ही वर, मामा घड्याळाकडे बघतायत, मामी दर दोन मिनिटांनी पर्समध्ये पासपोर्ट चाचपून पाहतायत. चाळीसएक मिनिटं गेली. विमान मिळालं, पण सामान देणारे आम्ही जवळजवळ शेवटचेच होतो. मामांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्या चाळीस मिनिटांत त्यांचा चेहरा जसा झाला होता तो मी विसरू शकत नाही.

असं रोज होतं का? नाही. माझ्या बाबतीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकदाच झालं, लहान प्रमाणात दोन-तीनदा. बाकीच्या वेळी पूल दहा-पंधरा मिनिटांत पार होतो. पण विमान गाठायचं असताना मला सरासरी वेळ कामाचा वाटत नाही. वाईटात वाईट दिवशी किती लागेल, ते आधी कळायला हवं.

शिवाय पूल आरामघरला संपतो, प्रवास संपत नाही. पुढे शमशाबादपर्यंत बंगळूर महामार्ग, त्यावर लॉऱ्या, लांब पल्ल्याच्या बसेस, गावांत वळणाऱ्या गाड्या. पावसाळ्यात हा पट्टा आणखी बेभरवशाचा. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत अप्पा तलाव फुटून गगनपहाडजवळ याच महामार्गावर पाण्याचा लोट आला होता. तेव्हापासून जोराचा पाऊस असला की माझा हात आपोआप दुसऱ्या बाजूला वळतो.

दुसरी बाजू म्हणजे शेखपेटवरून गच्चीबावली आणि तिथून रिंगरोड. जानेवारी २०२२ मध्ये शेखपेटचा उड्डाणपूल झाल्यापासून आमच्याकडून गच्चीबावलीला पोचणं बरंच सोपं झालंय, नाहीतर मीही कदाचित पुलालाच चिकटून राहिलो असतो. गच्चीबावली ते शमशाबाद हा रिंगरोडचा सर्वांत आधी सुरू झालेला तुकडा, नोव्हेंबर २००८ चा. एका दिशेला चार लेन. एखादी गाडी बंद पडली तरी उरलेल्या लेन चालू राहतात, आणि माझ्यासाठी सगळा हिशोब इथेच मिटतो. अंतर आमच्या घरून थोडं जास्त पडतं, टोल द्यावा लागतो, पेट्रोल जास्त जातं. हे सगळं मान्य. पण निघताना मी सांगितलेली वेळ आणि पोचल्याची वेळ यांत रिंगरोडवर फारसा फरक पडलेला मला आठवत नाही.

रिंगरोड निर्दोष आहे असं मात्र नाही. सकाळी नऊ-दहाला आणि संध्याकाळी ऑफिसं सुटताना गच्चीबावलीत शिरून रिंगरोडवर चढेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. त्या वेळात मी मणिकोंड्यावरून नार्सिंगीला जाऊन तिथून चढतो. दुसरं म्हणजे वेग. कमाल मर्यादा आता १२० आहे आणि रस्ता इतका सरळ, एकसुरी आहे की अपुऱ्या झोपेत गाडी चालवणाऱ्याला तो धोक्याचा वाटावा. पहाटेचं विमान असेल आणि आदल्या रात्री गप्पांत दोन वाजले असतील, तर स्वतः चालवू नका, टॅक्सी करा. टॅक्सीवाला बहुधा पुलाकडे वळायला बघतो, त्याला निघतानाच सांगून ठेवा आणि टोल आपण देणार हेही स्पष्ट करा.

मग पूल कुणी घ्यावा? मुक्काम मेहदीपटनम, मासाब टँक, नामपल्ली या बाजूला असेल तर रिंगरोडसाठी उलटं पश्चिमेला जाणं मला तरी पटत नाही. पहाटे पाचच्या आत निघत असाल तर पूलच बरा, त्या वेळी तो अडलेला मी पाहिलेला नाही. बाकीच्या वेळी पुलावरून जाणार असाल तर तासभर जादा हाताशी ठेवा. बंजारा हिल्सकरांना दोन्ही चालतील. माझ्यावर सोपवलं तर मी रिंगरोड म्हणेन, विशेषतः सोबत वयस्कर माणसं असतील तर.

परतताना मी पुलावरून येतो. तेव्हा घड्याळाची घाई नसते, अडकलो तर अडकलो, आणि बऱ्याच महिन्यांनी घरी येणाऱ्याला वरून शहर दिसतं. गेल्या दिवाळीत मामा-मामी परत आले तेव्हा त्यांना तसंच आणलं. उप्परपल्ली गेल्यावर मामी म्हणाल्या, "हाच ना रे तो पूल?" आणि हसल्या.

एक शेवटचं. रिंगरोडनं जायचं ठरलं तर फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. टोलनाक्यावर मागे रांग लागलेली असताना मोबाईलवरून पैसे भरत बसणं फार मनस्तापाचं असतं.