‘रिटन ऑफ’चा शेरा पुसून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या अहवालात, जुन्या कर्जापुढे ‘रिटन ऑफ’ दिसलं की माणूस धास्तावतो. अशाच माणसाला फोन येतो : “बँकेनं कर्ज माफ केलंय, फक्त नोंद काढायची राहिलीय. महिन्याभरात स्कोअर ७५० च्या वर नेऊन देतो.”

यातलं पहिलंच वाक्य खोटं असतं. ‘रिटन ऑफ’ म्हणजे निर्लेखित केलेलं कर्ज बँक फक्त आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते. ते माफ होत नाही, वसुलीचा हक्कही तसाच राहतो. नोंद खरी असेल तर पैसे घेऊन ती कोणीही पुसू शकत नाही. ब्युरो, म्हणजे सिबिलसारखी कर्जांच्या नोंदी ठेवणारी संस्था, बँकेनं कळवलेलंच दाखवतो, त्यामुळे शेरा बदलायचा तर बँकेनंच तसं कळवावं लागतं.

तरीही लोक फसतात, कारण काम झाल्याचा पुरावा समोर दिसतो. एजंट पॅन, आधार आणि ओटीपी घेऊन कर्जदाराच्या नावानं ब्युरोच्या साइटवर लॉगिन उघडतो आणि ईमेल मात्र स्वतःचा घालतो. मग ‘हे कर्ज माझं नाही’ अशी तक्रार टाकतो. त्या खात्यापुढे ‘तक्रार विचाराधीन’ असा शेरा येतो. त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवून फीचा पहिला हप्ता उकळला जातो. पुढे ब्युरो बँकेला विचारतो, बँक कागद तपासून कर्ज याच माणसाचं आहे असं कळवते आणि शेरा निघून जातो. हे उत्तर एजंटच्या ईमेलवर जातं, म्हणून कर्जदाराला पत्ताच लागत नाही. वर त्याच्या नावानं केलेला खोटा दावा बँकेच्या दप्तरी राहतो तो वेगळाच.

दुसरा डाव मोठ्या रकमेचा असतो. “बँकेत ओळख आहे, दीड लाखाचं चाळीस हजारांत मिटवतो,” असं म्हणून बँकेच्या लेटरहेडवर सेटलमेंटचं पत्र येतं. ते नीट वाचा. कर्जखात्याचा पूर्ण क्रमांक नसतो, पैसे भरायची मुदत मोघम असते, पत्र जीमेलवरून आलेलं असतं. यूपीआयनं पैसे पाठवताना पडद्यावर बँकेचं नाव न येता एखाद्या व्यक्तीचं नाव येतं. तिथेच थांबा. पुढे मिळणारं ‘नो ड्यूज’, म्हणजे काही येणं बाकी नाही असं, प्रमाणपत्रही बनावटच असतं, आणि ते उघडकीला येतं नवीन कर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर.

खरा मार्ग सोपा आहे, फक्त वेळ लागतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आधी तो काढा. मग बँकेच्या नोडल (तक्रारी हाताळणाऱ्या) अधिकाऱ्याला लेखी विचारा : येणं किती, त्यात मुद्दल किती, व्याज किती, आणि कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलंय का. विकलं असेल तर हस्तांतराचं पत्र मागा आणि ते बँकेकडून पडताळून घ्या. आधी पत्र, मग पैसे. तेही थेट कर्जखात्यात. वसुली एजंटच्या हातात रोख देऊ नका.

तडजोड करताना एक गोष्ट एजंट कधीच सांगत नाहीत. कमी रकमेत मिटवलं तर रिपोर्टवर ‘पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड’ असं येतं आणि नवीन कर्ज देणारा त्याकडे नाराजीनंच बघतो. ऐपत असेल तर पूर्ण रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घेणं चांगलं. मागच्या थकबाकीचा इतिहास मात्र तेव्हाही लगेच पुसला जात नाही.

पैसे भरूनही नोंद बदलली नाही तर ब्युरोकडे स्वतः तक्रार करा. त्याला फी लागत नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. ब्युरोला लेखी कळवून लॉगिनवरचा ईमेल आणि मोबाइल बदलून घ्या. पॅन-आधारच्या प्रती त्या माणसाकडेच राहिलेल्या असतात, म्हणून पुढचे काही महिने चारही रिपोर्टमधला ‘एन्क्वायरी’चा रकाना तपासत राहा. आपण न केलेल्या कर्जाच्या अर्जाची नोंद दिसली तर त्याच दिवशी त्या संस्थेला आणि ब्युरोला लेखी कळवा.