येवल्याची हातमागावरची पैठणी: नऊ महिने वापरल्यावर

पैठणी घेऊन नऊ महिने झाले, पाच वेळा नेसून झाली, म्हणून आता लिहितेय, कारण नवी कोरी साडी सगळ्यांनाच आवडते, ती कशी आहे ते अंगावर वागवल्यावरच कळतं.

चार वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून "अस्सल येवला" म्हणून घेतली होती, दुसऱ्याच लग्नात पदरामागचे धागे बांगडीत अडकले आणि मोराची मानच उसवली. पदर उलटा करून बघायचा असतो हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आणि सिल्क मार्क बघून खूश होणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की तो फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतो, हातमागाचं नाही.

म्हणून यावेळी मनमाडला उतरून एसटीने थेट येवला गाठलं, ओळखीतून एका विणकराच्या घरी. पुढच्या खोलीत माग, त्याच खोलीत मुलांची दप्तरं. दादा मागावर, त्यांच्या आई रहाटावर कांड्या, म्हणजे रेशीम गुंडाळायच्या छोट्या नळ्या, भरत होत्या, वहिनी स्वयंपाक उरकून दुसऱ्या मागावर बसणार होत्या. दादांचा मोर चालू होता, बांगडी मोर, बांगडीसारख्या गोलात बसलेला. दादा बोटाच्या टोकाने ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीत ताणलेले, धागे मोजायचे, तेवढ्याच धाग्यांखालून हिरवी कांडी काढायचे, शेजारच्या लाल धाग्यात अडकवून परत वळवायचे, मग पुढचा रंग. एका ओळीला अशा कितीतरी कांड्या! म्हणूनच पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे लोंबणारं काही नाहीच. म्हणाले, "ताई, दिवसभर बसलो तर पदर दोन-तीन बोटं सरकतो." ते ऐकून मला भाव करायची लाजच वाटली, आणि नाही केला.

मी राघू रंग, म्हणजे पोपटी हिरवा, काठाला मुनिया, म्हणजे छोटे पोपट, आणि पदरावर मोर अशी ऑर्डर दिली. अठ्ठावीस हजार, जरी टेस्टेड, म्हणजे खऱ्या चांदीची नाही, खऱ्या चांदीच्या जरीची किंमत फार वर जाते.

आता तक्रारी. तीन महिने म्हणाले होते, पाच लागले, मध्ये घरात आजारपण होतं, पण फोन मलाच करायला लागला, त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलेला हिरवा आणि हातात आलेला हिरवा यात फरक निघाला, तेव्हा रंग ठरवायचा तर रेशमाची लडी उजेडात बघूनच ठरवा. पदर जड आहे, नीट पिन नाही केला तर खांदा ओढतो.

बाकी साडी बघाल तर तक्रारीला जागा नाही. पाच वेळा नेसूनही जरी काळवंडली नाही, निऱ्या पहिल्या दिवसासारख्या पडतात. मी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवते, दोन-तीन महिन्यांनी घडी बदलते नाहीतर घडीवर रेशीम चिरतं, आणि सेंट साडी नेसायच्या आधीच मारते.

पण मला खरं सांगायचंय ते हे. मार्चमध्ये भाच्याच्या मुंजीत मंगळसूत्राच्या हुकाने साडीच्या अंगातला एक धागा ओढला गेला, बोटभर चुणी पडली. दुकानाच्या साडीचं तेव्हा "वापरलेला माल बघत नाही" असं ऐकलं होतं, म्हणून भीत भीत फोटो पाठवला. वहिनींचा फोन आला, "कुरियर करा, हात नका लावू." आठ दिवसांत साडी परत. चुणी कुठे होती ते मला आता शोधूनही सापडत नाही. पैसे विचारले तर म्हणाल्या, "आमच्या घरातनं गेलेली साडी आहे, तिला काय पैसे घ्यायचे."

ज्या हातांनी विणली त्याच हातांनी दुरुस्त केली, हे शोरूममध्ये कुठून मिळणार? तेवढ्याच पैशात एसीत बसून घेता येते हो, पण या घरातला माग चालू राहावा असं मला फार मनापासून वाटतं. त्यांचा धाकटा शाळेतून आला की आजीशेजारी बसून कांड्या भरतो, मी बघितलंय.

लेकीचं लग्न पुढच्या वर्षी आहे. तिच्यासाठी नारळी, म्हणजे नारळाच्या नक्षीच्या, काठाची सांगून ठेवलीय, यावेळी आठ महिने आधीच, आणि रंगाच्या लड्या बघायला तिलाच घेऊन जाणार आहे.