बहुपर्यायी, लेखी की प्रात्यक्षिक? सहावी ते आठवीच्या विज्ञान चाचणीचा तुलनात्मक विचार

सहावी ते आठवीच्या विज्ञानाची चाचणी कोणत्या स्वरूपात घ्यावी, हा प्रश्न कोल्हापूर परिसरातील शाळांत बहुधा वेळापत्रक आणि झेरॉक्सचा खर्च पाहूनच सुटतो. बहुपर्यायी प्रश्नपत्रिका एका तासिकेत घेता येते आणि दुसऱ्या दिवशी गुण लावता येतात, म्हणून ती पुढे येते. प्रात्यक्षिकाला साहित्य लागते, म्हणून ते मागे पडते. हा हिशेब चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. पेशी, आम्ल-आम्लारी आणि उष्णता हे घटक एकाच पाठ्यपुस्तकात शेजारी-शेजारी असले, तरी मुले त्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने चुकतात आणि एकाच साच्याची चाचणी त्यांपैकी एखादीच चूक पकडते. म्हणून चाचणीच्या प्रकारांची ही तुलना घटकनिहाय केली आहे.

आधी वेळेचा हिशेब मांडणे बरे, कारण शेवटी निर्णय तिथेच अडतो. साठ मुलांचा वर्ग धरला, तर वीस प्रश्नांची बहुपर्यायी पत्रिका उत्तरसूची शेजारी ठेवून तासाभरात तपासून होते. वीस गुणांची वर्णनात्मक उत्तरपत्रिका मनापासून वाचायची, तर प्रत्येकी सहा मिनिटे म्हणजे एकूण सहा तास लागतात. प्रत्येक मुलाला तोंडी परीक्षेसाठी चार मिनिटे दिली, तर २४० मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या जवळपास सात तासिका जातात. मात्र बहुपर्यायीची स्वस्ताई दुसरीकडे वसूल होते: चार पर्यायांच्या वीस प्रश्नांत काहीही न वाचता खुणा करणाऱ्या मुलालाही सरासरीने पाच गुण मिळतात, आणि पाच गुण मिळवलेल्या मुलाला थोडेफार येते की काहीच येत नाही, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

नियमांची अडचण म्हणावी, तर तीही नाही. महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पाचवी-सहावीला आकारिक (सत्रभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ५०-५०, तर सातवी-आठवीला ४०-६० असा ठरवून दिला गेला, आणि आकारिकच्या साधनांत तोंडी काम व प्रात्यक्षिक यांना चाचणीच्या बरोबरीनेच स्थान दिले गेले. त्यामुळे प्रात्यक्षिक घेणे म्हणजे काही जादा उपक्रम करणे नव्हे. प्रात्यक्षिकाच्या रकान्यातील गुण कित्येकदा सत्राच्या शेवटी एकाच बैठकीत भरले जातात, ही गोष्ट वेगळी, आणि ती शिक्षकमंडळींना नव्याने सांगायची गरज नाही.

उष्णतेपासून सुरुवात करतो, कारण प्रकारांमधला फरक येथे सर्वांत ठळक दिसतो. उष्णतेविषयी मुलांच्या मनात शाळेत येण्यापूर्वीच पक्की मते तयार झालेली असतात: लोखंड थंड असते, लोकर गरम असते, आणि उष्णता म्हणजेच तापमान. वर्गात व्याख्या पाठ करून घेतल्यावरही ही मते जागची हलत नाहीत. ती व्याख्येच्या शेजारी निमूटपणे बसून राहतात. ‘उष्णता संक्रमणाचे तीन प्रकार लिहा’ या प्रश्नाला वहन, अभिसरण, प्रारण असे अचूक उत्तर लिहिणारा मुलगा, बर्फाची लादी घोंगडीत गुंडाळली तर लवकर वितळेल असे तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो, कारण त्याच्या अनुभवात घोंगडी ऊब देते. वर्णनात्मक प्रश्नाने त्याचे पाठांतर तपासले, समज तपासलीच नाही.

अशा ठिकाणी नीट घडवलेला बहुपर्यायी प्रश्न वर्णनात्मक प्रश्नापेक्षा सरस ठरतो, मात्र त्याचे चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांमधून आलेले असले पाहिजेत. ८० अंश सेल्सिअसचे १०० ग्रॅम पाणी आणि २० अंश सेल्सिअसचे १०० ग्रॅम पाणी एकत्र केले, तर भांड्याने घेतलेली उष्णता सोडून दिल्यास मिश्रणाचे तापमान ५० अंश होईल. पर्यायांत १०० ठेवले, तर तापमानांची बेरीज करणारी मुले सापडतात. ६० ठेवले, तर वजाबाकी करणारी सापडतात. ८० ठेवले, तर गरम पाणी थंड पाण्याला आपल्यासारखे करून घेते असे मानणारी सापडतात. याउलट ३७, ४२, ५० आणि ५८ असे पर्याय दिले, तर चुकलेल्या मुलाने नेमका कोणता विचार केला याचा काहीच पत्ता लागत नाही. घाईने काढलेल्या पत्रिकांत बहुतेक पर्याय या दुसऱ्या प्रकारचे असतात.

याच धाग्यावर पुढे जाणारा एक प्रकार आपल्याकडे फारसा वापरला जात नाही, तो म्हणजे उत्तर आणि कारण या दोन्हींचे पर्याय देणारा दुपदरी प्रश्न. ऑस्ट्रेलियातील विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये अशा निदानात्मक चाचण्या तयार करण्याची रीत मांडली. ‘रात्रभर एकाच खोलीत ठेवलेल्या लोखंडी बाकाचे आणि लाकडी बाकाचे सकाळचे तापमान कसे असेल?’ या प्रश्नाच्या खाली चार कारणे द्यायची आणि दोन्ही बरोबर असतील तरच गुण द्यायचे. ‘सारखे असेल’ हे उत्तर अंदाजाने निवडता येते. त्याबरोबर ‘लोखंड हाताची उष्णता वेगाने वाहून नेते, म्हणून ते थंड लागते’ हे कारणही अंदाजाने निवडणे बरेच अवघड जाते. दोन्ही पदरांत चार-चार पर्याय असले, तर निव्वळ नशिबाने गुण मिळण्याची शक्यता चारात एकवरून सोळात एकवर येते आणि तपासायला लागणारा वेळ फारसा वाढत नाही.

तरीही उष्णतेचा एक भाग प्रात्यक्षिकाशिवाय तपासता येत नाही, तो म्हणजे मापन. ‘पाणी किती अंशाला उकळते?’ या लेखी प्रश्नाचे उत्तर १०० अंश सेल्सिअस असे ठरलेले आहे. कोल्हापूर शहर मात्र समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने येथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी साधारण ९८ अंशांच्या आसपासच उकळते. पन्हाळ्यावर त्याहूनही कमी तापमानाला. शाळेतील साध्या तापमापीत अंशभराची चूक असू शकते, हेही खरे. प्रात्यक्षिकात ज्या मुलाच्या वहीत ९७ किंवा ९८ येते त्याने तापमापी वाचलेली असते, आणि ज्याच्या वहीत नेमके १०० येते त्याने बहुधा पुस्तक वाचलेले असते. म्हणून तपासणाऱ्याने आदर्श उत्तर आधीच ठरवून बसू नये, हे ओघानेच आले.

रसायनाकडे वळल्यावर पारडे स्पष्टपणे प्रात्यक्षिकाकडे झुकते, आणि त्यासाठी लागणारे साहित्य घरातलेच असते. पाच वाट्यांत लिंबाचा रस, ताक, मिठाचे पाणी, साधे पाणी आणि चुन्याची निवळी घ्यावी, मुलांना हळदीच्या कागदाच्या पट्ट्या द्याव्यात आणि निरीक्षणे लिहायला सांगावे. निवळीत पट्टी लालसर होते. उरलेल्या चारही वाट्यांत ती पिवळीच राहते. आता खरा प्रश्न विचारायचा: ‘या चारही वाट्यांत आम्ल आहे, असे म्हणता येईल का?’ दर्शकांचा, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखू देणाऱ्या पदार्थांचा, तक्ता पाठ असलेले मूल येथे गडबडते, कारण हळद आम्लारी दाखवते, मात्र आम्ल आणि उदासीन पदार्थ यांत फरक करत नाही, ही गोष्ट तक्त्यातून सहसा लक्षात येत नाही. ‘मग आणखी काय वापरावे लागेल?’ या पुढच्या प्रश्नाला जे मूल निळा लिटमस किंवा जास्वंदीचा अर्क असे उत्तर देते, त्याला दर्शक म्हणजे काय हे समजले आहे असे मानायला हरकत नाही. निवळी पातळ असावी आणि ती मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळावी, कारण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते.

याउलट भौतिक आणि रासायनिक बदलांवर बहुपर्यायी प्रश्न काढताना फार जपावे लागते. ‘गूळ तयार होणे हा कोणता बदल आहे?’ असा प्रश्न आपल्या भागात सहज सुचतो आणि दिसायलाही स्थानिक, आपलासा वाटतो. पण एका खुणेत उत्तर मागण्यासाठी तो चुकीचा आहे. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळातील मोठ्या कढईत, उसाच्या रसातले पाणी वाफ होऊन जाते, हा भौतिक बदल झाला. रसात घातलेला चुना त्यातील आम्लांशी अभिक्रिया करतो आणि तापमान चढत जाताना रसाचा रंगही पालटतो, हे रासायनिक बदल झाले. असा प्रश्न वर्णनात्मक पत्रिकेत चार गुणांना ठेवला, तर तो उत्कृष्ट ठरतो: ‘गुऱ्हाळात रसाचा गूळ होईपर्यंत घडणारा एक भौतिक आणि एक रासायनिक बदल सांगून कारण लिहा.’ उष्णतेचा घटकही त्याला जोडता येतो, कारण चुलवाणासमोर उभे राहिल्यावर लागणारी धग प्रारणाची, काहिलीच्या पत्र्यातून रसाकडे जाणारी उष्णता वहनाची आणि रसातली खालून वर येणारी उकळी अभिसरणाची असते. करवीर, पन्हाळा किंवा कागल तालुक्यातील मुलाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही. शहरातील ज्या मुलाने गुऱ्हाळ पाहिलेले नाही त्याच्यासाठी मात्र प्रश्नात दोन ओळींचे वर्णन द्यावे, नाहीतर चाचणी विज्ञानाची न राहता अनुभवाची होईल.

जीवशास्त्रात आकृतीला फार गुण दिले जातात आणि माझ्या मते ते चुकीच्या आकृतीला दिले जातात. ‘वनस्पती पेशीची नामनिर्देशित आकृती काढा’ हा प्रश्न चित्रकलेच्या जवळ जाणारा आहे. त्याऐवजी कांद्याच्या पापुद्र्याची आयोडिन लावलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ‘जे दिसते तेवढेच काढा’ असे सांगितले, तर फरक लगेच उमटतो. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात पेशीभित्तिका आणि केंद्रक दिसतात, हरितलवके नसतात. तरीही कित्येक मुले हिरवे ठिपके काढून त्यांना नावे देतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत ते असतात. काही मुले हवेच्या बुडबुड्यालाच पेशी समजून त्याचा काळाभोर गोल काढतात. या दोन्ही चुका शिक्षकाला जे सांगतात ते पाठ केलेल्या सुबक आकृतीतून कधीच कळणार नाही. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक असला, तरी इतर मुले लेखी काम करत असताना पाच-पाच मुलांचे गट आळीपाळीने बोलावता येतात.

प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांसाठी मात्र लेखी प्रश्नच सोयीचा, कारण त्यातील महत्त्वाचे काही डोळ्यांना दिसत नाही. ‘लागणीच्या वेळी मातीत पुरलेल्या कांडीपासून वर्षाने काही किलो वजनाचा ऊस तयार होतो, हे वजन प्रामुख्याने कोठून आले?’ असे विचारले, तर शेतकऱ्याच्या घरातील मुलेही ‘मातीतून’ किंवा ‘खतातून’ असे लिहितात, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी असे लिहिणारी मुले वेगळी दिसून येतात. हा प्रश्न दुपदरी करायलाही उत्तम आहे. वनस्पती दिवसा श्वसन करत नाहीत, हा दुसरा हमखास आढळणारा गैरसमजही याच प्रकारे पकडता येतो.

कोणताही प्रकार निवडला, तरी सेमी इंग्रजी वर्गाचा विचार वेगळा करावा लागतो. मराठी शाळेतील ज्या तुकडीला विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते, तेथे वर्णनात्मक उत्तरात कमी पडलेले गुण विज्ञानाचे की इंग्रजीचे, हे ओळखणे कठीण जाते. बहुपर्यायी आणि प्रात्यक्षिक या दोहोंत ही अडचण कमी असते. आकारिक चाचणीपुरते तरी कारण मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी, असे मला वाटते. संकलित परीक्षेच्या तयारीला त्याने बाधा येत नाही.

पालकांचा आग्रह मात्र बहुधा स्पर्धा परीक्षांकडे बोट दाखवून बहुपर्यायीचाच असतो. आठवीतील एनएमएमएस या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेच्या शालेय क्षमता चाचणीत ९० मिनिटांत ९० प्रश्न असतात आणि त्यांपैकी ३५ सामान्य विज्ञानाचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट मिळते. त्या वेगाची सवय बहुपर्यायी सरावाशिवाय होत नाही, हे मान्य करावेच लागते. पण सहावी आणि नववीसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी फेरीच्या पुढे प्रात्यक्षिक, आणि त्याही पुढे प्रकल्प व मुलाखत असते. तेव्हा स्पर्धेचे कारण एकाच बाजूने लावणे बरोबर नाही.

वीस गुणांच्या घटक चाचणीसाठी मी विभागणी घटकानुसार बदलेन. उष्णतेवर दहा गुणांचे दुपदरी प्रश्न, सहा गुणांचे तापमापीचे काम आणि चार गुणांचा एक वर्णनात्मक प्रश्न. आम्ल-आम्लारींवर बारा गुणांचे प्रात्यक्षिक आणि आठ गुणांचे लेखी. पेशी व वनस्पती यांवर सहा गुणांची सूक्ष्मदर्शकाखालील आकृती आणि उरलेले चौदा गुण लेखी, त्यांत निम्मे दुपदरी. साहित्य एकच संच असेल आणि वर्ग साठ मुलांचा असेल, तर प्रत्येकाच्या हाती प्रयोग देण्याचा हट्ट सोडून शिक्षकाने एकच प्रयोग सर्वांसमोर करावा. मुलांनी प्रयोगाआधी काय होईल ते पेनाने लिहावे, मग जे झाले ते लिहावे, आणि दोन्हींत फरक पडला असेल तर त्याचे कारण लिहावे. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत. गुण निरीक्षणाला आणि कारणाला द्यायचे. यासाठी एकच तासिका पुरते, फक्त प्रयोग सुरू होण्यापूर्वी सगळ्यांचा अंदाज कागदावर उतरलेला आहे, हे शिक्षकाने बाकांमधून फिरून पाहून घ्यावे.